सतराव्या मजल्यावरचा कौल

रमाबाई देव झाल्या त्या एका चकलीमुळे. त्यांच्या भक्त परिवाराच्या फेसबुकच्या पानावर तुम्हाला हे कुठे सापडणार नाही. तिथे लिहिलंय ते असं: गिरणगावातल्या चाळी पडल्या, तेव्हा खोल्याखोल्यांतले, जिन्याखालचे, नळाजवळचे सगळे देव बेघर झाले. बिल्डरने माणसांना फ्लॅट दिले, देवांना कोण देणार? ते बिचारे काही दिवस करी रोडच्या पुलावर फिरले आणि शेवटी सतराव्या मजल्यावरच्या एका पुण्यवान माऊलीच्या दोन हातांत येऊन राहिले. वाचताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोला. लिहिलंय धोंडूने, आणि धोंडू एकेकाळी गिरणीच्या गेटवर भाषणं ठोकायचा. तो दगडालाही रडवेल.

आता खरं ऐका. दिवाळीत कुणीतरी दिलेली चकली रमाबाईंनी ऐटीत दाढेखाली घेतली आणि कडकन आवाज झाला. चकली होती तशीच राहिली, कवळीचे दोन तुकडे झाले. लालबागचे दाताचे डॉक्टर दिवाळीसाठी गावाला गेलेले. सुचित्रा, म्हणजे त्यांची सून, म्हणाली, "आई, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊया ना." पण रमाबाईंचा त्याच डॉक्टरवर विश्वास. आणि तो येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. कारण गणपतने, त्यांच्या नवऱ्याने, मरेपर्यंत बायकोला बिनदातांची पाहिली नव्हती. आता लिफ्टमधल्या परक्या लोकांनी का पाहावी?

बाईने गप्प बसायचं ठरवलं हीच मोठी बातमी होती. रमाबाई म्हणजे अख्ख्या चाळीचा रेडिओ. नळावर उभ्या राहिल्या की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं, आणि मालवणीतून एकदा सुरू झाल्या की पोलीसही ऐकत उभे राहायचे. पण टॉवरमध्ये आल्यापासून ऐकायला माणूसच उरलं नव्हतं. चाळीत दार लावलेलं दिसलं की लोक विचारत यायचे, काय झालं म्हणून. इथे दार उघडं ठेवलं की खालून सेक्युरिटीचा फोन यायचा, काय झालं म्हणून. मुलगा विनीत रात्री घरी यायचा तो कानात हेडफोनची बोंडं घालूनच. नात अक्षदा पुण्याला शिकायला. रमाबाई टीव्हीशी बोलून बघायच्या, पण टीव्ही काही उलट बोलत नाही. भांडणाशिवाय बोलण्यात मजा काय?

तर अशा त्या, तोंडावर पदर धरून, देव्हाऱ्याखाली पाटावर बसलेल्या असताना बाराव्या मजल्यावरचा धोंडू वर आला. धोंडू गावचा, भावकीतला नव्हे पण वाडीतला. त्याला कणकवलीजवळ एक प्लॉट घ्यायचा होता. नुकताच गावाला जाऊन देवळात कौल लावून आला होता. कोकणातली माणसं असल्या बाबतीत स्वतःच्या अकलेवर जात नाहीत. देवाच्या पाषाणावर पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवीकडची पाकळी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. धोंडूच्या वेळी एकही पाकळी पडली नव्हती. दमट हवा होती, दुसरं काय.

"वैनी," धोंडू म्हणाला, "देवान तोंड फिरवल्यान. आता तुमीच सांगा, घेव काय नको?"

वैनींना सांगायचं पुष्कळ होतं. ज्याच्याकडून प्लॉट घेतोयस त्याच्या बापालाही मी ओळखते, हे तर पहिलं. पण बोलायची सोय नव्हती. आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या डाव्या कोपराला खाज सुटली. त्यांनी डावा हात उचलला, कोपर खरखर खाजवलं आणि डोळे मिटून घेतले.

धोंडू गारठलाच. डावा कौल! पाया पडून तो उलट्या पावलांनी बाहेर गेला. पुढच्या आठवड्यात कळलं, की तोच प्लॉट त्या गृहस्थाने आणखी बऱ्याच जणांना विकलाय आणि तो फरार आहे. धोंडू नारळ घेऊन वर आला. मागोमाग त्याचा मेहुणा आला, मग मेहुण्याची व्याहीण, मग सहावा मजला, मग नायगावच्या बीडीडी चाळीतला त्याचा भजनी ग्रुप. डॉक्टर गावाहून येऊन नवी कवळी बसेपर्यंत दाराबाहेर चपलांचा ढीग लागला होता.

"आता बोलंय काय?" रमाबाईंनी नव्या दातांनी सुनेला विचारलं.

तेवढ्यात बाहेर धोंडू लोकांना सांगत होता, की माईंनी आपली वाचा देवाला वाहिलीय. सुचित्राने दारातून डोकावून बघितलं. हॉलमध्ये माणसं मांडी घालून बसली होती. कुणी कुणाचं बाळ मांडीवर घेतलं होतं, कुणी कुणाला गुडघेदुखीचं तेल सांगत होतं. दार सताड उघडं होतं आणि सेक्युरिटीवाला स्वतः पाया पडायला रांगेत उभा होता.

रमाबाईंनी पण बघितलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्या परत तोंडावर पदर घेऊन पाटावर जाऊन बसल्या. चाळ परत आली होती. तिच्यासाठी गप्प राहायचं, एवढंच ना? राहू.

असा "उजवी वाट परिवार" सुरू झाला. एकमेकांना भेटलं की "उजवं होवो" म्हणायचं. प्रश्न एकच विचारायचा, आणि माई कुठला हात उचलतात ते बघायचं. क्रिकेट, लॉटरी आणि निवडणूक यांबद्दल विचारायचं नाही, कारण देवाला त्यातलं कळत नाही असं धोंडूचं मत. उजव्या मनगटाला हिरवा दोरा. डावखुऱ्यांना सवलत. वार ठरवताना मात्र मोठी चर्चा झाली. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार मटणाचा. उरला बुधवार. बुधवार हा मासळीचा वार. तो सोडणं म्हणजे खरा त्याग, असं धोंडू म्हणाला, आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. गर्दी वाढल्यावर सोसायटीने क्लबहाउस दिलं.

मे महिन्यात घामोळ्याने माईंचं डावं मनगट फुललं आणि सटासट डावे कौल पडायला लागले. लग्नं लांबली, घरांचे व्यवहार थांबले. सुचित्राने शेवटी घामोळ्याची पावडर आणली. आठवडाभरात उजवे कौल सुरू झाले. धोंडूने प्रवचनात सांगितलं, की वैशाख सरला, देवांचा राग शांत झाला. मागे बसलेली सुचित्रा तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

घरात बोलायची सोय होती, पण तीही चोरून. सकाळी सुचित्रा वाटण वाटायला घ्यायची, मिक्सर सुरू करायची आणि सासूकडे बघून मान हलवायची. मिक्सर चालू असेपर्यंत रमाबाई बोलून घ्यायच्या. दाराबाहेर कुणी भक्त असलाच तर त्याला नुसती घरघर ऐकू यायची. त्या घरात त्या काळात जेवढं वाटण झालं तेवढं वाटण लालबागच्या खानावळीत होत नसेल.

"सगळा ठीक आसा गो," रमाबाई मिक्सरवर ओरडायच्या. "पण माझी पुतळी गेली!"

पुतळाबाई कुठे गेली नव्हती. दर बुधवारी समोरच बसायची. आणि दुखणं तेच होतं.

पुतळाबाई वरळी कोळीवाड्यातली. चाळीत डोक्यावर पाटी घेऊन यायची तेव्हा दोघी तरण्याताठ्या होत्या. रमाबाईंच्या उंबऱ्यावर पाटी टेकली, की पापलेटच्या कल्ल्यापासून भांडण सुरू व्हायचं ते एकमेकींच्या सासूपर्यंत जायचं. "ह्यो काय पापलेट? माझ्या लग्नातलो दिसतासा!" "नको घेव! कुत्र्याला घालीन पन तुला द्यायची नाय!" मग चहा. मग नवऱ्यांच्या तक्रारी. गणपत गेला तेव्हा बाकी सगळ्या बायका रडल्या, पुतळाबाईने मात्र कोळंबीचं कालवण आणून रमाबाईंना समोर बसून चारलं. सुतकात मासे कसे खायचे, असं कुणीतरी म्हणालं. पुतळाबाईने त्या बाईकडे असं बघितलं, की ती पुन्हा दारात आली नाही.

टॉवरमध्ये पाटी लिफ्टने वर नेऊ देईनात. मग रमाबाईच रोज खाली जायच्या, बाजारात पुतळाबाईच्या शेजारी पालथ्या क्रेटवर बसायच्या आणि गिऱ्हाइकांशी तिच्या बाजूने भांडायच्या. कौल सुरू झाला तेव्हा पुतळाबाई आधी पोट धरून हसली. "ही कसली माई? हिला बोंबील साफ करता येत नाय!" पण मग तिच्या मुलाच्या, निमेशच्या लग्नाचं अडलं. शेफाली नावाची मुलगी, कॉल सेंटरमध्ये कामाला, मासे ओळखत नाही. घरात दोन तट. वैतागून पुतळाबाई बुधवारी आली आणि सगळ्यांसारखा प्रश्न विचारला. रमाबाईंना ती पोरगी पहिल्यापासून आवडलेली. त्यांनी खाज न येता, मुद्दाम, ठसठशीत उजवा हात उचलला. लग्न झालं. पोरगी अशी निघाली, की आता सकाळी भाऊच्या धक्क्यावर तीच मासळीच्या लिलावात बोली लावते.

झालं. पुतळाबाई विरघळली. पुढच्या बुधवारी आली ती सरळ रमाबाईंच्या पायावर डोकं ठेवायला. रमाबाईंनी पाय मागे घेतले, तर तिने धरून पुढे ओढले. भांडण नाही, चहा नाही. बोंबील तर नाहीच, कारण धोंडूने माईंना शाकाहारी जाहीर करून टाकलं होतं. बाजारात त्या दिसल्या तर पुतळाबाई उठून उभी राहायची आणि हात जोडायची. एकदा रमाबाईंनी डोळे मिचकावून बघितलं. पुतळाबाईने लगेच पदर पसरला, काहीतरी पडेल म्हणून.

त्या दिवशी घरी येऊन रमाबाई मिक्सर चालू न करताच रडल्या. सुचित्राने दार लावलं आणि म्हणाली, "आई, सांगून टाका ना तिला."

"आणि ह्या सगळ्यांचा काय करू? दार परत बंद होतला."

सुचित्राने चहा केला.

गणपती होऊन गेले आणि मग तो बुधवार आला. क्लबहाउस खच्चून भरलं होतं. पुतळाबाई रांगेत होती, पण नेहमीची पुतळाबाई नव्हे. गालफडं बसलेली, आणि चालताना पोटावर हात. निमेश तिला धरून उभा होता. तिचा नंबर आला तशी ती पुढे येऊन बसली. पायावर डोकं ठेवायला वाकताना कण्हली.

"माई," पुतळाबाई म्हणाली, "पोटात गाठ निघाली हाय. डॉक्टर बोलतो, आत्ताच काढा, उशीर नको. परळच्या हॉस्पिटलात खाट मिलतेय, उद्या सकाली जायाचं. पन मना भ्या वाटतंय. माझी आई तशीच गेली, कापल्यावर. निमेश बोलतो जा, शेफाली बोलती जा. मी कुनाचं ऐकत नाय. तू उजवा दिलास तर जाईन. डावा दिलास तर घरी बसेन, काय व्हायचं ते होईल."

धोंडूने हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक पुतळाबाय, तुझ्या दारात इली आसा..."

"होय म्हाराजा!" सगळं क्लबहाउस ओरडलं.

"तिच्या वाटेतलो काटो काढ रे म्हाराजा! आणि जो काय कौल आसात तो स्वच्छ दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आणि सगळे रमाबाईंच्या हातांकडे बघायला लागले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? उजवा हात उचलायचा. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. रमाबाईंनीही उचलायलाच घेतला होता. पण त्यांना गणपत आठवला. त्याचंही ऑपरेशन होतं, तोही घाबरला होता, आणि त्याला त्यांनीच हसत म्हटलं होतं, "जावा हो, काय्येक होणा नाय." तो गेला तो आला नाही. त्यानंतर पुष्कळ जणांनी सांगितलं, की तुझा काय दोष, डॉक्टरांच्या हाती होतं. पण "काय्येक होणा नाय" हे शब्द तर त्यांचेच होते ना? आता तेच परत, आणि देवाच्या नावाने? पुतळी विश्वासाने जाईल, आणि टेबलावर काही झालं तर? आणि हात नाही उचलला तर ती घरी बसून मरेल. म्हणजे दोन्हीकडून बोंब.

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यावर बसल्या.

कुजबुज सुरू झाली. धोंडू घोटाळला, पण क्षणभरच. "कौल राखून ठेवलो आसा!" तो म्हणाला. "देव विचारात पडलो आसा!"

"देव नाय, मी विचारात पडलंय," रमाबाई म्हणाल्या.

एका बाईच्या हातातली पंचारती कलंडली. सुचित्राने कपाळावर हात मारला, पण ती हसत होती की काय, हे कळायला मार्ग नव्हता.

"पुतळे," रमाबाई म्हणाल्या, "माका म्हायत नाय गो. आईशप्पथ म्हायत नाय. माझ्या हातात देव-बिव कोण नाय. दिवाळीत कवळी फुटली म्हणान मी गप होतंय, आणि धोंडूक वाटला कौल. डावो हात म्हणजे खाज आणि घामोळा. मगे लोक येवक लागले, माका बरा वाटला, म्हणान मी गप रवलंय. चुकी माझी."

पुतळाबाई बघतच राहिली.

"आणि शेफाली?"

"ती माका आवडली होती."

"आनि मी तुज्या पायावर डोकं ठेवत होती? बुधवारचे मासे सोडले मी! कोलनीने मासे सोडले! तू आतल्या आत हसत होतीस काय गो?"

"हसत नव्हतंय. रडत होतंय, तुझ्यासाठी. विचार सुचित्राक."

"मग आज उजवा द्यायचा होता!" पुतळाबाई आता उभी राहिली, पोटावरचा हात तसाच. तिचा आवाज चाळीच्या जिन्यात घुमायचा तसा घुमला. "खोटा द्यायचा! मना काय कललं असतं? मी हसत गेली असती! आता धीर कुठून आनू? तू देव होतीस ती मेलीस आज, आनि माझं उद्या काय व्हायचं ते कोनाला म्हाईत नाय!"

"म्हणानच खोटा दिलंय नाय," रमाबाई म्हणाल्या. त्यांनाही आता रडू आलं होतं. "डॉक्टर जाणता, मी जाणत नाय. माझा मन म्हणता जा. पण भिती माका पण वाटता, तुझ्यापेक्षा जास्त वाटता. देव तुझ्याबरोबर हॉस्पिटलात येतलो की नाय ता तेका विचार. मी येतंय. भायेर बसतंय. तू भायेर येयसर हलणंय नाय."

पुतळाबाईने तिच्याकडे एकदा बघितलं, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि निमेशला ढकलत बाहेर निघून गेली. जाताना एक अशी शिवी दिली, की पहिल्या रांगेतल्या दोन प्राध्यापकांनी एकमेकांकडे बघितलं.

इकडे धोंडू सावरला होता. माणूस भाषणातला, त्याला पडेल ती वीट बांधकामाला लावता येते. "ऐकलात?" तो गरजला. "माईंनी वाचा उघडल्यान! आजपासून परिवाराचा दुसरा पर्व सुरू झाला! आता देव हातान नाय, तोंडान बोलतलो!"

"होय म्हाराजा!" मागचे चारपाच जण सवयीने ओरडले.

"धोंडू, मेल्या, गप रव!" रमाबाई कडाडल्या. "घरी जावा रे सगळे. ज्येका बोलूचा आसा तेणी वर येवा, चाय करतंय. पण विचारू नको माका काय. माका माझ्याच पोरांचा कळणा नाय, तुमचा काय कळतला?"

काहीजण खूप चिडले. एका बाईने हिरवा दोरा तोडून पाटावर टाकला आणि आपल्या मुलाची नोकरी घामोळ्यामुळे हुकली, असं ओरडून सांगितलं. रमाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि हात जोडले. त्या बाईला देण्यासारखं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. काहीजण मुकाट्याने गेले. आणि काहीजण खरंच वर चहाला आले, पण रमाबाई त्यांच्यात बसल्या नाहीत. त्या आतल्या खोलीत पिशवी भरत होत्या. सुचित्राने विचारलं, "आई, ती आलीच नाही तर?"

"माका काय म्हायत? मी जातंय."

सकाळी सुचित्राने टॅक्सीने त्यांना परळला सोडलं आणि ती ऑफिसला गेली. जाताना म्हणाली, "फोन चालू ठेवा, आणि नर्सशी भांडू नका." रमाबाई बाकावर बसल्या. समोरून माणसं येत होती, जात होती. पुतळाबाई नव्हती. शेजारच्या माणसाने सांगितलेली त्याची सगळी हकीकत त्यांनी ऐकली, पण कान त्याच्याकडे आणि डोळे दाराकडे. नाही आली तर? तर कोळीवाड्यात जाऊन तिच्या दारात बसायचं, असं त्यांनी ठरवलं. शिव्या खायच्या, पण तिला उठवून आणायचं.

मग दारातून शेफालीचा आवाज आला, "आई, हळू," आणि मागे पुतळाबाई. नाकात नथ, हातात सोन्याच्या पाटल्या, गळ्यात मोहनमाळ. ऑपरेशनला आली होती की हळदीला, कळेना. तिने रमाबाईंकडे बघितलंही नाही. सरळ येऊन बाकावर बसली, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"उपाशी हायस काय गो?" ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"हा."

"कशाला? ऑपरेशन माझं हाय."

"घशाखाली उतरना नाय."

पुतळाबाई सरकली, आणि मधली जागा संपली. दोघी एकमेकींना खांदा लावून बसल्या. निमेश कागदांच्या मागे धावत होता, शेफाली त्याच्या मागे.

नर्सने येऊन सांगितलं, की दागिने काढून नातेवाइकांकडे द्या. शेफालीने हात पुढे केला. पुतळाबाईने एकेक काढलं. पाटल्या निघेनात, तेव्हा रमाबाईंनी साबण लावून ओढून काढल्या. शेवटी नथ. सगळं तिने रुमालात बांधलं, आणि शेफालीच्या पुढे केलेल्या हाताशेजारून रमाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"हे सांभाल," ती म्हणाली. "देवाला वाहत नाय. तुज्याकडं देते. मी परत मागनार हाय, कललं? एक मनी कमी निघाला तर बघ."

रमाबाईंनी गाठोडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बोलायला गेल्या तर आवाजच फुटेना. एवढे दिवस मुद्दाम गप्प बसल्या होत्या, आणि आज बोलायचं होतं तर गप्प. स्ट्रेचर दाराआड गेलं.

किती वेळ गेला ते त्यांनी मोजलं नाही. शेफालीने आणलेला चहा गार झाला. निमेश औषधं आणायला खाली गेला, शेफाली त्याला शोधायला. शेजारचा माणूस जाऊन दुसरा आला, त्याने काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली. पाय वळले, पाठ धरली. लघवीला जायचं होतं, पण त्या उठल्या नाहीत. गाठोड्याची गाठ हाताच्या घामाने ओली झाली.

दार उघडून नर्स बाहेर आली. "पुतळाबाईंच्या बरोबर कोण आहे?"

"मी." रमाबाई उठून उभ्या राहिल्या.

"आपण कोण त्यांच्या? बहीण?"

रमाबाईंनी नर्सचा हात धरला. "कशी आसा ती?"

"छान आहेत. गाठ निघाली, सगळं नीट झालं. शुद्धीवर येतायत." नर्स हसत होती. "डोळे उघडल्यापासून एकच विचारतायत, ती बाहेर बसलीय की पळाली."

रमाबाईंनी भिंतीला हात टेकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण दुसऱ्या हातात गाठोडं होतं.

"सांगा तिका," त्या म्हणाल्या, "बसलंय म्हणान."